किनवटच्या रानातले एक खेडे

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक नांदेड व लातूरकडील काळ्या रानाचे शेतकरी आहेत. ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन, ऊस, हळद या पिकांविषयी त्यांना मी काही सांगावे असा माझा अधिकार नाही. माझा जन्म महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेला, शिक्षणही बेताचेच. परंतु नोकरीच्या निमित्ताने किनवट व माहूरकडील रानात पुष्कळ फिरणे झाले. तेथील खेडे कसे जगते, ते आपल्याकडील शेतकऱ्यांस ठाऊक असावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. नांदेड जिल्हा एकच. पण देगलूरचा शेतकरी किनवटच्या रानात सहसा जात नाही, आणि गेला तरी रेणुकामातेचे दर्शन घेऊन परततो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जे सागाचे रान दिसते, त्याच्या पोटात माणसे शेती करतात, हे त्याच्या मनात येत नाही.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर या वाटेने किनवटकडे निघाले म्हणजे भोकरपुढे जमिनीचा रंग व उंची बदलू लागते. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तेथे पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते. पलीकडचा तीर यवतमाळ जिल्ह्याचा. पुढे डोंगर दाट होत जातात. हे निर्मळ डोंगररांगेचे फाटे होत. साग, ऐन, धावडा, तिवस, तेंदू, मोह, चार, बेहडा, सलई, पळस आणि बांबू ही येथील मुख्य झाडे. उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत व यादवकाळचे देवालय आहे; म्हणजे या रानात माणसाची वस्ती आज-कालची नव्हे.

हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळे येथील जुने कागद एका जिल्ह्याचे, नवे दुसऱ्याचे. काही उर्दूत, काही मराठीत. वस्तीही तशीच मिश्र आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा हे लोक येथे शेजारी शेजारी नांदतात. गोंडी व कोलामी या भाषा घरात बोलल्या जातात. बाजारात मराठी, तेलुगू आणि थोडी हैदराबादी हिंदी चालते.

ज्या खेड्याची हकीकत मी सांगणार आहे, त्याचे नाव मुद्दाम देत नाही. तेथील माणसांची दप्तरे अजून पुरती मिटलेली नाहीत. सुमारे चाळीस घरांची वस्ती, एका नाल्याच्या वळणावर. कुडाच्या भिंती, वर कौले, अंगणे शेणाने सारवलेली. गावाच्या वरच्या अंगास देवाची जागा. तेथील झाडावर कोणी कुऱ्हाड चालवीत नाही. खालच्या अंगास नाल्याकाठी थोडी काळी जमीन, आणि चढावर तांबूस, मुरमाड, उथळ जमीन. चारही बाजूंस रान. शेताचा बांध संपला की रान सुरू होते, आणि कोठे कोठे तर शेतातच मोहाची थोरली झाडे उभी आहेत. प्रथम गेलो तेव्हा मला वाटले की, या लोकांस शेत नीट साफही करता येत नाही. हा माझा अज्ञानपणा होता. तो जाण्यास मला तेथील एक पूर्ण वर्ष पाहावे लागले.

त्या खेड्याचे वर्ष आपल्यासारखे मृगाने सुरू होत नाही. ते मोहाच्या फुलाने सुरू होते. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि रात्रभर पिवळसर, रसाळ फुले गळतात. पहाटे अंधारातच बायका व मुले टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढले की फुले कोमेजतात व जनावरेही ती खातात. फुले अंगणात वाळवितात. वाळल्यावर ती वर्षभर टिकतात. काही खाण्यास, काही बैलांस, काही विकण्यास. लोक मोहाचे नाव दारूशी जोडतात, ते अर्धेच खरे. ज्या घरात चैत्रात धान्याची कणगी रिकामी होते, त्या घरास हे फूल आधार देते. पुढे ज्येष्ठात त्याच झाडाची फळे पिकतात. बियांचे तेल काढतात. एका झाडापासून वर्षात दोनदा उत्पन्न, आणि त्यास नांगर नाही, पाणी नाही, खत नाही.

मोहानंतर चारोळी, आणि चारोळीबरोबरच तेंदूपत्ता. वैशाखाच्या कडक उन्हात हे काम चालते. सकाळी पाने तोडावयाची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधावयाची, आणि सायंकाळी फळीवर मोजून द्यावयाची. अशी एक हजार पुडकी झाली म्हणजे एक प्रमाण गोणी होते. या पंधरा-वीस दिवसांत जो रोख पैसा हाती येतो, त्यातूनच मृगाचे बियाणे व खत येते. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी पहिल्यांदा थबकलो. आपल्याकडे शेतकरी बियाण्यासाठी सावकाराच्या अथवा सोसायटीच्या दारी जातो. या खेड्यात रान हीच सोसायटी. ज्या वर्षी पत्ता बुडतो, त्या वर्षी पेरा उशिरा होतो.

पाऊस लागला की ज्वारी, तूर, कापूस, मका, आता सोयाबीनही, आणि नाल्याकाठी थोडे भात. पाऊस आपल्यापेक्षा बरा, वर्षास सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. आषाढात अखाडीची पूजा होते. जनावरे रानात चरावयास जातात, त्यांस वाघरापासून राखावे म्हणून देवास विनविले जाते. पोळा होतो. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे नाच एका गावाहून दुसऱ्या गावास जातात, आणि पाहुण्यांस जेऊ घालणे हा यजमान गावाचा मान असतो. पुढे हिवाळाभर राखण. रानडुक्कर एका रात्रीत अर्धा एकर ज्वारी लोळवितो. रोह्यांचा कळप तुरीचे शेंडे खातो. माळ्यावर शेकोटी करून, डबा वाजवीत माणसे रात्री काढतात. रानाजवळ राहण्याचा हा कर होय, आणि तो सरकारी साऱ्याहून जड आहे. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनाम्यास माणूस येईपर्यंत डुकराच्या पावलांवर पाऊस पडून गेलेला असतो.

आता या वर्षाचा जमाखर्च मांडावा. नांगराचे लाकूड तिवसाचे, गाडीचा आस धावड्याचा, तट्टे व टोपल्या बांबूच्या, कुंपण काटेरी झुडपांचे. ही सर्व रानाची. बैलांचा चारा पाऊसकाळी रानातला, म्हणून शेणखतही एका अर्थी रानातलेच. चढावरील पालापाचोळ्यात पावसाचे पाणी मुरते, म्हणून गावचा नाला माघापर्यंत वाहतो. जेथे वरचे रान उजाड झाले आहे, तेथील नाला मार्गशीर्षातच आटलेला मी पाहिला आहे. म्हणजे शेत तीन एकरांचे दिसते, पण त्यास पोसणारी जमीन त्याच्या कितीतरी पट आहे. शेत व रान या दोन वस्तू नव्हेत. हा एकच वहितीचा तुकडा आहे, त्यातला एक भाग नांगरतात आणि दुसरा राखतात. शेतातील मोहाचे झाड हे आळशीपणाचे चिन्ह नसून आजोबाने नातवासाठी ठेवलेली ठेव आहे.

सरकारी दप्तरास मात्र ही एक वस्तू दोन दिसतात, आणि येथूनच दुःखाचा आरंभ होतो. वाचकांस गावनमुने परिचित असतील. नमुना एक-अ यात वनजमिनींची नोंद असते. नमुना एक-इ यात अतिक्रमणांची. किनवटकडील पुष्कळ शेतकऱ्यांची शेते पहिल्या वहीत रान म्हणून आणि दुसऱ्या वहीत गुन्हा म्हणून नोंदलेली होती. सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून विहीर नाही. आजा, बाप, मुलगा एकाच बांधावर राबले, तरी कागदावर तिघेही अतिक्रमणदार.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल.

१९९७ सालच्या उन्हाळ्यात अतिक्रमणांची यादी पडताळण्याच्या कामावर मला या खेड्यात पाठविण्यात आले. मी यादी घेऊन शेतोशेत फिरत होतो. चढावर एका विधवा बाईचे सुमारे तीन एकर शेत होते. दगडी बांध सुरेख रचलेला, वरच्या कडेस मोहाची दोन झाडे. बाईचे नाव यादीत नव्हते. मी लेखणी काढली, तशी ती हात जोडून म्हणाली, “साहेब, माझं नाव नका लिहू. दंड कुठून भरू? लेकरू लहान आहे.” मला दया आली. नोंद करावी तर बाईस नोटीस निघणार, दंड होणार. मी लेखणी खिशात ठेवली व पुढच्या शेतात गेलो. त्या दिवशी आपण एक पुण्यकर्म केले असे मला वाटले. बाईने घरी नेऊन मोहाची फुले घातलेली भाकर खाऊ घातली, तिची चव अजून आठवते.

पुढे २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला आणि २००८ साली नियम आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्यास ती जमीन प्रत्यक्ष कसवणुकीइतकी, चार हेक्टरांच्या मर्यादेत, त्याच्या हक्काची व्हावी असा त्याचा आशय. जमीन वारशाने जाते, विकता येत नाही, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचीही नावे लागतात. गावोगाव ग्रामसभा भरल्या, वनहक्क समित्या झाल्या. दाव्यास पुरावा हवा. आणि तेव्हा एक विपरीत गोष्ट घडली: ज्यांची नावे अतिक्रमणाच्या वहीत होती, ज्यांनी दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचा कबजा कागदाने सिद्ध झाला. जो कागद शिक्षेचा होता, तोच हक्काचा ठरला. आणि ज्या बाईवर मी दया केली होती, तिच्याजवळ एक चिठोरेही नव्हते. तिचा दावा पुराव्याअभावी नामंजूर झाला.

ही बातमी कळली तेव्हा मी दुसऱ्या टेबलावर होतो. बाई बाजारच्या दिवशी मला शोधीत आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तेव्हा लिहिलं असतं तर बरं होतं, साहेब.” त्या रात्री मला झोप आली नाही. दया हा चांगला गुण. परंतु दप्तर सांभाळणाऱ्याची दया जर खऱ्या गोष्टीची नोंद पुसून करावयाची असेल, तर ती दया नव्हे. शिवाय, १९७८ साली सरकारने काही जुनी अतिक्रमणे नियमित केली होती, तेव्हाही नोंदच पाहिली गेली होती. हे मला ठाऊक असावयास हवे होते. मी भाकर खाऊन परतलो आणि बाईचे सारे वर्षानुवर्षांचे श्रम कागदाबाहेर ठेवून आलो.

निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. गावातील शिकलेल्या मुलांनी नियमांची प्रत आणली व आम्ही ती एकत्र वाचली. तेराव्या नियमात स्पष्ट आहे की, पुरावा म्हणजे केवळ सरकारी कागद नव्हे. बांध, सपाटीकरण, घर, विहीर, पूर्वजांच्या समाध्या, देवस्थाने हेही पुरावे होत. आणि दावेदाराखेरीज गावातील वृद्धांचे लेखी जबाबही. तेव्हा दगडी बांधाची मोजणी झाली. शेताच्या कोपऱ्यात बाईच्या सासऱ्याची समाधी होती, तिचा पंचनामा झाला. दोन वृद्धांचे जबाब झाले. आणि मी माझे निवेदन लेखी दिले की, १९९७ साली सदर शेत मी पिकाखाली पाहिले होते व नोंद करावयाची ती केली नाही. हे लिहिताना हात कापला, कारण नोकरी बाकी होती. वरिष्ठांकडून समज मिळाली. ती योग्यच होती.

बाईस पट्टा मिळाला. परंतु मोजणीची रेघ बांधाच्या आत फिरली. मोहाची दोन्ही झाडे रेघेबाहेर, रानात राहिली. कारण त्यांच्याखाली नांगर चालत नव्हता. कायद्याच्या अक्षरास धरून ते बरोबर असेल. पण ज्या झाडांनी चैत्रात त्या घरास पोसले, ती कागदावर शेताची नव्हेत. शेत व रान ही एकच वहिती आहे, हे वहीस अजून कळत नाही.

यावर इलाज त्याच कायद्यात आहे, तो म्हणजे सामूहिक वनहक्क. गौण वनोपज गोळा करणे व विकणे, गुरे चारणे, आणि आपण परंपरेने राखीत आलेले रान राखणे, हे हक्क सबंध गावाच्या नावे मागता येतात; आणि कायद्याने बांबूही आता गौण वनोपजात धरला आहे. मोहाची झाडे मग एका बाईची नसली तरी गावाची होतात, आणि तिची टोपली कोणी अडवू शकत नाही. वैयक्तिक पट्ट्यासाठी धावपळ झाली, तितकी या हक्कासाठी झाली नाही, असा माझा अनुभव आहे.

हे काही आपल्याच मुलखाचे वेगळेपण नव्हे. इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशर परगण्यात न्यू फॉरेस्ट म्हणून रान आहे. पहिल्या विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास ते शिकारीसाठी राखून ठेविले. पण त्या रानात लहान लहान खेडी होती, आणि १२१७ साली अरण्याची सनद निघाली, तीत रानात राहणाऱ्यांचे चराई व सरपणाचे हक्क मान्य झाले. आजही तेथील ठरावीक घरांस व जमिनींस हे हक्क चिकटलेले आहेत: घोडी, गुरे रानात सोडावयाची, आणि शरद ऋतूत ओकची फळे खाण्यास डुकरे न्यावयाची. ती हिरवी फळे घोड्यांस व गुरांस बाधतात, म्हणून डुकरांनी खाल्लेली बरी. म्हणजे हक्क आणि रानाची निगा एकाच व्यवस्थेत बसविली आहे. इंग्लंडात इतरत्र अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सामाईक राने व माळ कुंपणात गेले आणि गरीब शेतकरी शहरांकडे लोटला गेला. जेथे हक्क वहीत नोंदला होता, तेथे खेडे टिकले. तात्पर्य तेच.

रानातील बंधूंस काही गोष्टी सुचवितो. मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत आहे; तीतून वणवा लागतो, लहान रोपे मरतात, आणि उद्याचा मोह आजच जळतो. पाला झाडून काढावा अथवा झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात व भाव बरा येतो. चारोळीसाठी फांद्या तोडू नयेत. दंडाची असो वा नोटिशीची, कोणतीही सरकारी पावती फेकू नये. ग्रामसभेचा ठराव झाला की त्याची नक्कल त्याच आठवड्यात मागावी. आणि वृद्धांचे जबाब ते हयात आहेत तोवर लिहून ठेवावेत. समाधी साक्ष देते, पण बोलत नाही.

काळ्या रानाच्या वाचकांसही एक विनंती. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नसू. लातूरकडे रान नावापुरतेच उरले आहे. एकट्या रानाने पाऊस पडतो असे मी म्हणत नाही. पण पडलेला पाऊस कोण धरून ठेवतो, हे किनवटच्या नाल्याकडे पाहिल्यास कळते. बांधावरची बाभूळ, लिंब, आंबा ट्रॅक्टरला अडतो म्हणून काढताना त्या बाईच्या शेतातले मोह आठवावेत.

मागील चैत्रात मी पुन्हा त्या खेड्यात गेलो होतो. बाई आता फार थकली आहे. मुलगा कर्ता झाला आहे. पट्टा त्याने पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवला आहे. पहाटे त्याची बायको व दोन मुले मोहाखाली फुले वेचीत होती. सामूहिक दाव्याचा कागद अजून वर फिरतो आहे. ग्रामसभेने त्या दोन झाडांची नोंद आपल्या वहीत करून ठेवली आहे, आणि ती ओळ माझ्या हातची आहे. अक्षर पूर्वीइतके चांगले राहिले नाही. पण या खेपेस लेखणी खिशात ठेवली नाही.